सायकल चालवा म्हणतो खरा, पण कुठे?

“डॉक्टर, तुम्ही सांगितलेला व्यायाम मी अगदी मनापासून केला. फक्त तो फ्रान्समध्ये केला.”

डोंबिवलीतले एक काका गेल्या वर्षी तपासणीला आले, तेव्हा खुर्चीत बसता बसता हे म्हणाले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय ६१, बँकेतून निवृत्त, नऊ वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाची एक गोळी. मुलगी नोकरीनिमित्त तुलूझ शहरात असते. तिच्याकडे काका-काकू तीन महिने राहून आले होते. जाण्याआधी काकांची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ८.१ होती. परत आल्यावर ७.२. औषधं तीच. पथ्य म्हणाल तर काकूंनी आधीच कबुली देऊन टाकली की तिथला ब्रेड काही सोडला नाही.

मुलीच्या घराजवळून एक कालवा जातो आणि कालव्याच्या काठाने सायकलची वाट आहे. काका आठवड्यातले पाच दिवस तिथे जायचे. सुरुवातीला वीस मिनिटं, मग पाऊण तास, शेवटी शेवटी दीड तास. “अहो, कुणी हॉर्नच वाजवत नाही. गाडीच नाही तर वाजवणार कोण?”

परत आल्यावर त्यांनी उत्साहाने इथेही सायकल घेतली. दोन रविवार कल्याण–शीळ रस्त्याने गेले. तिसऱ्या रविवारी एक डंपर इतक्या जवळून गेला की ते रस्त्याकडेला उतरून पाच मिनिटं नुसते उभे राहिले, आणि सायकल हातात धरून चालत घरी आले. आता ती पार्किंगमध्ये आहे. तिच्यावर वॉचमन आपला रेनकोट वाळत घालतो. चार महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा ७.९.

एका माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. मुलीकडे गेलेला माणूस एरवीही जास्त चालतो, निवांत झोपतो, टीव्हीवरच्या चर्चा कमी बघतो. पण काकांमुळे माझी एक चूक माझ्या लक्षात आली. मी वीस वर्षं कागदावर ‘नियमित व्यायाम’ असं लिहीत आलो आहे. गोळी लिहिताना ती जवळच्या दुकानात मिळते का, परवडते का, हे मी विचारतो. व्यायाम लिहिताना तो कुठे मिळतो, हे मी कधी विचारलं नव्हतं.

ती वाट कुणी नव्याने बांधली नाही

काकांनी फोटो दाखवले म्हणून मी जरा वाचायला लागलो. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा हा कालवा, कनाल द्यु मिदी, १६६६ ते १६८१ या काळात खणला गेला. म्हणजे इकडे शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून आले, त्या वर्षी तिकडे त्याचं काम सुरू झालं. लांबी साधारण २४० किलोमीटर. मालाच्या होड्या ओढायला घोडे असत, आणि घोड्यांना चालायला काठाने वाट हवी, म्हणून ती वाट झाली. घोडे गेले, वाट राहिली. तुलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर ती गुळगुळीत डांबरी आहे. पुढे बऱ्याच भागात माती आणि बारीक खडी.

अशा खडी-मुरमाच्या वाटांवरून लांबवर सायकल चालवण्याला आता ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात आणि त्यासाठी लाखभर रुपयांच्या सायकली विकल्या जातात. माझ्या लहानपणी आम्ही मामाच्या गावाला बैलगाडीच्या चाकोरीतून अर्ध्या फळीने सायकल चालवायचो, तेव्हा त्याला काही नाव नव्हतं.

फ्रान्समध्ये वाहनमुक्त वाटांना ‘हिरवी वाट’ अशा अर्थाचं नाव आहे. अशी पहिली वाट १९९७ मध्ये बर्गंडी भागात झिव्री ते क्लुनी अशी झाली, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर, ४४ किलोमीटरची. २००४ मध्ये तिथल्या वाहतूक नियमांत तिची व्याख्याच आली: इंजिन नसलेली वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखीव रस्ता. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. यातल्या कितीतरी वाटा मुळात होत्याच. कालव्याचा काठ, जुना रूळमार्ग, शेतातली वहिवाट. पृष्ठभाग जरा सारखा केला, तोंडाशी खांब रोवला आणि गाड्यांना सांगितलं की तुमच्यासाठी दुसरा रस्ता आहे.

गाड्या नसल्या की शरीरात काय बदलतं?

पहिली गोष्ट अगदी साधी. व्यायाम सलग होतो. मानपाडा रस्त्यावर सायकल चालवून बघा: दहा पेडल, ब्रेक, रिक्षा, पाय खाली, पुन्हा दहा पेडल. दमायला होतं, पण हृदयाची गती एका लयीत राहत नाही. मोकळ्या वाटेवर ताशी १२ ते १४ किलोमीटरच्या आरामशीर वेगानेही स्नायू अर्धा-पाऊण तास अखंड काम करतात. चालणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढून घेतो. मधुमेहात इन्सुलिनचं कुलूप गंजलेलं असतं, पण व्यायाम त्याच घराचं मागचं दार उघडतो. आणि हे दार व्यायाम संपल्यावर लगेच बंद होत नाही. एका चांगल्या फेरीचा परिणाम एक ते दोन दिवस टिकतो. म्हणूनच मी ‘दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको’ असं सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. पाऊण तासाच्या चार फेऱ्या झाल्या की १८० मिनिटं होतात.

दुसरी गोष्ट हवेची. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. सायकल चालवताना हाच आकडा ३०-४० लिटरवर जातो, चढावर आणखी वर. शिवाय आपण तोंडाने श्वास घ्यायला लागतो, त्यामुळे नाकाची गाळणी बाजूलाच राहते. म्हणजे ट्रकच्या मागे सायकल चालवणारा माणूस ट्रकच्या मागे गाडीत बसलेल्यापेक्षा कितीतरी जास्त धूर छातीत घेतो. म्हणून व्यायाम करूच नये असा याचा अर्थ नाही, बहुतेकांसाठी व्यायामाचा फायदाच मोठा ठरतो. पण ज्याला दमा आहे किंवा ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्याला घोडबंदर रस्त्यावर सायकल चालवा असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

तिसरी गोष्ट भीतीची, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. मागून येणाऱ्या टँकरचा आवाज ऐकला की खांदे आवळतात, हात हँडल घट्ट धरतात, नाडी आणि रक्तदाब वर जातात. व्यायामानेही नाडी वाढते, पण ती वाढ आणि ही वाढ एक नाही. व्यायामानंतर रक्तदाब काही तास खाली राहतो, भीतीनंतर माणूस चिडचिडा होऊन घरी येतो आणि पुढच्या रविवारी जात नाही. औषधाच्या भाषेत सांगायचं तर रुग्ण गोळी बंद करतो. मी स्वतः ती बंद केली होती. पाच वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका खड्ड्यात पुढचं चाक अडकलं आणि उजवं मनगट मोडलं. रस्ता कुठला ते सांगत नाही, तुमच्या घराजवळचाही असू शकतो. सहा आठवडे प्लास्टरमध्ये डाव्या हाताने प्रिस्क्रिप्शन लिहिली. माझं अक्षर त्या काळात सुधारलं, असं औषधवाल्याचं मत आहे.

मग आपल्याकडे वाटा नाहीत का?

आहेत. आपला ठाणे जिल्हा म्हणजे पाण्याच्या नळांचा जिल्हा. तानसाचं धरण १८९२ चं. तानसा, वैतरणा, भातसा इथलं पाणी आपल्या जिल्ह्यातून मोठमोठ्या नळांनी मुंबईला जातं, आणि अशा नळांच्या देखभालीसाठी त्यांच्या कडेने सेवारस्ते ठेवलेले असतात. नळ उताराने जातो, त्यामुळे अशा रस्त्यांना फार अंगावर येणारे चढही कमी. भातसाचा कालवा शहापूर-भिवंडीकडे आहे. कर्जत तालुक्यात राजनाला आहे: भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून वीज बनवून झाल्यावर सुटणारं पाणी शेताला नेणारा कालवा. कल्याणहून कर्जत लोकलने तासाभरात तिथे पोहोचता येतं. काठाची माती, बाजूला भात, मागे डोंगर. तुलूझच्या कालव्यावर याहून वेगळं काय आहे?

वेगळं एवढंच की तिथे त्या वाटेला कायद्याने जपलं आहे आणि आपल्याकडे अशा वाटेचं काय होतं, ते काटई नाक्यावर उभं राहून बघता येतं. बारवी धरणाचं पाणी आणणाऱ्या एमआयडीसीच्या नळाकडेचा काटई–बदलापूर रस्ता अजूनही ‘पाइपलाइन रोड’ म्हणूनच ओळखला जातो. आज त्यावर ट्रक, टँकर आणि शाळेच्या बस यांची रांग असते. खोणी, नेवाळी या थांब्यांवर सकाळी रस्ता ओलांडणंसुद्धा अवघड. मी कुणाला दोष देत नाही, एवढी घरं झाली तर माणसं जाणार कुठून? पण वाट रुंद होते, काँक्रीटची होते, आणि ज्या दिवशी ती सगळ्यांची होते त्या दिवसापासून सायकलची राहत नाही.

मुंबईत या विषयावर दोन प्रयोग झाले, दोन्ही शिकण्यासारखे. तानसाच्या नळांच्या दोन्ही बाजूंची अतिक्रमणं हटवून मोकळ्या झालेल्या पट्ट्यात मुलुंडपासून पुढे ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग करायची योजना महापालिकेने २०१७ च्या सुमारास मांडली. कल्पना माझ्या मते उत्तमच होती. दुसरा प्रयोग पवई तलावाकाठचा. तिथलं बांधकाम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवलं आणि ते काढून टाकायला सांगितलं, कारण तो पाणथळीत भराव होता. सायकल चालवणारे अनेकजण तेव्हा नाराज झाले. मी झालो नाही. हिरवी वाट करण्यासाठी तळं बुजवायचं असेल, तर त्या वाटेचा रंग हिरवा कसा?

येऊरबद्दलही हेच. ठाण्याच्या माणसाला उपवनवरून येऊर चढण्यासारखा दुसरा आनंद नाही, आणि पहाटे तो डांबरी चढ खरंच शांत असतो. पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. बिबट्याचं घर आहे, आदिवासी पाड्यांचं घर आहे. रस्ता सोडून आत पायवाटांवर टायर घालायची परवानगी नसेल तर घालू नका. जंगल ही आपली जिम नव्हे.

माझं म्हणणं एवढंच आहे: नवं काही बांधू नका. कालव्याचा एखादा काठ, गावांमागची एखादी मुरमाची वाट निवडा, खड्डे मुरमाने भरा, आणि निदान शनिवार-रविवारी सकाळी सहा ते नऊ तिथे मोटारी येऊ देऊ नका. लगेच कुणी म्हणेल, खांब रोवला तरी त्यातून सायकल जाते तिथून बाइकही जाते. बरोबर आहे. आणि गावातल्या शेतकऱ्याची मोटारसायकल अडवायचा मला हक्कही नाही, वाट मुळात त्याची आहे. पण दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्या एका बाइकने कुणाचा रक्तदाब वाढत नाही. प्रश्न डंपरचा आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. डोंबिवलीतून मलंगगडाच्या पायथ्याच्या गावांपर्यंत गेलात की आजही शांत, अरुंद, झाडांचे रस्ते आणि शेतांतल्या कच्च्या वाटा सापडतात. कल्याणहून मुरबाडच्या दिशेने उल्हास नदी ओलांडली की तेच. म्हणजे शांत रस्ता दहा-बारा किलोमीटरवर आहे, पण त्याच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता शांत नाही. काकांसारख्या माणसासाठी या पहिल्या दहा किलोमीटरवरच सगळं अडतं. तरुण मुलं पहाटे पाचला गटाने ते अंतर कापतात. साठीच्या माणसाने सायकल गाडीच्या मागे किंवा चौघांत मिळून टेम्पोत टाकून न्यावी, यात काहीही कमीपणा नाही.

कच्च्या वाटेवर उतरण्याआधी

महागडी सायकल लागत नाही. साधी हायब्रीड, ३५ ते ४० मिलिमीटर रुंद टायरची, पुरते. टायरवर लिहिलेल्या मर्यादेत राहून हवा थोडी कमी ठेवा, धक्के निम्मे टायरच खातं. मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. माझ्याकडे येणारी खरचटलेली कोपरं बहुतेक त्याचीच असतात. हेल्मेट हवंच, आणि मोबाइल खिशात.

गुडघ्याचं ऐका. सायकलवर शरीराचं वजन सीट घेते, म्हणून गुडघ्याची झीज सुरू झालेल्या काकूंनाही ती बहुधा चालते. पण सीटची उंची चुकली तर तीच सायकल गुडघा दुखवते. सीटवर बसून टाच सगळ्यात खालच्या पेडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेच हवं. गुडघ्याच्या पुढे दुखलं तर सीट बहुधा खाली आहे, मागे दुखलं तर वर. आपल्याकडे दहांतल्या आठांची सीट खाली असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय टेकायला हवेत, रिक्षा कुठून येईल सांगता येत नाही! करंगळीला मुंग्या येत असतील तर तळहातावर भार जास्त पडतो आहे. सीटखालच्या भागात बधिरपणा आला तर उभं राहून पेडल मारा, सीट बदला, आणि तरीही राहिला तर लाजून गप्प बसू नका, दाखवा.

मधुमेहाची इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर निघण्याआधी साखर बघा. १०० च्या खाली असेल तर काही खाल्ल्याशिवाय निघू नका. खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखर ठेवा. चिक्की नको, तिच्यातल्या शेंगदाण्याच्या तेलामुळे साखर हळू चढते, आणि हात थरथरत असताना आपल्याला घाई असते. पायाला बधिरपणा असेल तर बंद बूट घाला आणि घरी आल्यावर तळवे बघा, खडा टोचलेला कळत नाही. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर आधी ती.

किती जोरात चालवायची? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, एवढी. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल अशी गोळी घेणाऱ्यांनी घड्याळातल्या नाडीवर विसंबू नये. ती गोळी नाडी मुद्दाम कमी ठेवते. त्यांच्यासाठीही बोलण्याचीच कसोटी. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप असं काहीही वाटलं तर ‘त्या झाडापर्यंत जाऊन थांबतो’ असं करू नका. तिथेच थांबा. ज्यांना आधीच हृदयविकार आहे किंवा जे चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू करत आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

धुळीचा मुद्दा उरतोच. मार्च ते मे या वाटांवर भरपूर धूळ असते. दमेकऱ्यांनी तो काळ टाळावा किंवा इनहेलर जवळ ठेवावा. हिवाळ्यात अगदी पहाटे हवा खाली साचलेली असते, ऊन आल्यावर निघालेलं बरं. पावसाळ्यात चिखलाचं पाणी आणि पायावरची जखम एकत्र आली की लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. अशा फेरीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, पिंडऱ्यांत जबर दुखणं, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना ‘मी चिखलात सायकल चालवली होती’ हे आठवणीने सांगा. त्या एका वाक्याने निदान दोन दिवस आधी होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे ना, तेही बघून ठेवा.

आणि कुत्री. फ्रान्सच्या फोटोंत ती पट्ट्याला बांधलेली होती. आपल्याकडे गावाच्या वेशीवर टोळी स्वागताला असते. वेग वाढवून पळू नका, पाठलागच हवा असतो त्यांना. उतरा, सायकल मध्ये धरा, सावकाश चालत पुढे व्हा. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

स्त्री रुग्णांना मी सायकल सुचवतो तेव्हा त्या गाड्यांबद्दल नाही, एकटेपणाबद्दल आणि स्वच्छतागृहाबद्दल विचारतात. निर्जन वाट पुरुषाला शांत वाटते, बाईला वाटेलच असं नाही. त्यामुळे वाहनमुक्त म्हणजे माणूसमुक्त नको. चार-पाच जणींनी मिळून जावं आणि गावाजवळचीच वाट निवडावी. काकूंनी हा प्रश्न सोडवला तो असा: त्यांनी सोसायटीतल्या तिघींना आधी मैदानात सायकल शिकवली.

काका-काकू आता महिन्यातून दोन रविवार चार सायकली टेम्पोत घालून मलंगगडाच्या बाजूला जातात. टेम्पोवाला तिथेच थांबतो आणि झोपतो. मधल्या दिवसांत काका सोसायटीच्या आवारात चालतात, पण त्यात त्यांचं मन नाही. पुढची एचबीएवनसी जानेवारीत आहे. सीटची उंची मात्र मी स्वतः खाली पार्किंगमध्ये जाऊन तपासली. दोन इंच खाली होती.